अकरा वर्षं खोटं बोललेला तराजू

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे आणि मी अकरा वर्षं खोटं बोललो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तुम्ही मला ढोंगी म्हणायला नको.

तराजू म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे बाजारातला कांदे-बटाटे तोलणारा येईल. मी तसला नव्हे. मी प्रयोगशाळेतला. माझं घर काचेच्या पेटीचं. आत पितळेचा खांब आणि खांबावर पितळेचीच दांडी. दांडीच्या मध्यभागी अकीक दगडाची सुरीसारखी धार असते, तिच्यावर मी झुलतो. दोन टोकांना दोन पारडी लटकतात. मधून एक लांब काटा खाली उतरतो आणि पायाशी असलेल्या पांढऱ्या पट्टीवरच्या वीस घरांवरून इकडून तिकडे फिरतो. माझ्याजवळ कुणी शिंकलं तरी माझा काटा हलतो. पंखा चालू असला तर मी कामच करत नाही. नखरेल म्हणा हवं तर. पण मिलिग्रॅमचं खरं सांगायचं म्हणजे एवढा नखरा लागतोच.

आणखी एक सांगतो. दांडीच्या दोन्ही टोकांना हरभऱ्याएवढा एकेक नट असतो. तो आत-बाहेर फिरवून माझा तोल नीट करतात. माझं सगळं पाप यातल्या डाव्या नटात आहे, तेव्हा तो लक्षात असू द्या.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथल्या एका कारखान्यात मला घडवलं, घासलं, पुसलं आणि भुशाने भरलेल्या खोक्यात घालून रेल्वेने अमळनेरला धाडलं. तिथून बैलगाडीने मी अमळनेर-धुळे रस्त्यावरच्या एका कॉलेजात आलो. कॉलेजचं नाव सांगत नाही. चूक आमची आहे, कॉलेजला कशाला बोल लावायचा?

पहिली चाळीस वर्षं मी मानाने काढली. कपाशीच्या शेतातून आलेली, हाताला घट्टे पडलेली पोरं माझ्यापुढे येऊन श्वास रोखून बसायची. चिमट्याने एकेक वजन माझ्या पारड्यात ठेवायची. काटा मधोमध आला की त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू यायचं, ते मला सगळ्यात जास्त आवडायचं. त्या पोरांना मी कधी फसवलं नाही.

माझी देखभाल हिलालभाऊ करायचे. हिलालभाऊ कोळी, आमच्या लॅबचे अटेंडंट. ते काच मलमलीच्या फडक्याने पुसायचे आणि पुसताना माझ्याशी अहिराणीत बोलायचे. "काय रे म्हातारा, तब्येत बरी शे ना?" असं रोज विचारायचे. त्यांच्याइतकी माया मला कुणी लावली नव्हती. आणि माझ्या खोट्याची सुरुवात त्यांच्याच हातून झाली.

झालं असं. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या दुपारी लखन नावाचा एक मुलगा सराव करत होता. घाबरट होता बिचारा. माझा तोल साधताना त्याने डावा नट इतका फिरवला की तो निसटला, टेबलावरून गडगडला आणि बेसिनच्या मोरीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावहून बाहेरचे परीक्षक यायचे होते. लखन रडायलाच लागला.

"रडू नको रे भाऊ," हिलालभाऊ म्हणाले. "मी शे ना."

त्यांनी माझी दांडी कापडात गुंडाळली आणि सायकलवर टांग टाकून पुनाभाऊ घड्याळवाल्याचं दुकान गाठलं. पुनाभाऊंनी डबे उपसले. पितळेचा नट मिळाला नाही. पोलादाचा मिळाला. त्यांनी तो कानशीने घासून दुसऱ्या नटाच्या वजनाचा केला आणि वर पिवळा मुलामा चढवून दिला. पोलाद आहे, पितळेपेक्षा जास्त टिकेल, असंच हिलालभाऊंना वाटलं. परीक्षा पार पडली. लखन पास झाला. हिलालभाऊंनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, कारण सांगितली असती तर लखनचं नाव घ्यावं लागलं असतं.

त्या नटाने वजनात काही फरक पडला नाही. पोलाद काय आणि पितळ काय, तोल साधला म्हणजे झालं. जवळपास चुंबक नव्हतं तोवर मी पहिल्यासारखाच खरा होतो.

पुढे डिजिटल काटे आले. वजन ठेवलं की लाल आकडे उमटतात, श्वास रोखायला नको की चिमटा नको. मला उचलून मागच्या कपाटात टाकलं. चार वर्षं मी तिथे होतो. पालीने माझ्या पेटीत अंडी घातली. हिलालभाऊ अधूनमधून कपाट उघडून बघायचे, पण त्यांनाही कामं असायची. मला वाटलं, संपलं आता आपलं.

आणि मग भदाणे सरांनी मला बाहेर काढलं.

योगेंद्र भदाणे, पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. उंच, किडकिडीत आणि चालताना पुढे झुकणारे. शिरपूरकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा हा मुलगा. त्यांना एकाच गोष्टीचं वेड होतं. ते पोरांना काय सांगायचे, ते मी त्यांच्याच शब्दांत सांगतो.

"जगात बळं चार," ते म्हणायचे. "समजा, हे चार भाऊ आहेत, एका बापाचे. आज चार चुली आहेत. धाकटे दोघे घराबाहेर पडत नाहीत, अणूच्या गाभ्यातच त्यांचा संसार. तिसरा म्हणजे वीज आणि चुंबक. हे दोघे वेगळे आहेत असं आधी वाटायचं, नंतर कळलं की तो एकच गडी आहे. दिवा तोच लावतो, प्रकाशही तोच. त्याचं धाकट्यांपैकी एकाशी जुळलंही आहे. आणि थोरला म्हणजे गुरुत्व. हातातला खडू खाली पाडतो, चंद्राला फिरवतो, पण भावांच्या ओसरीवर पाय ठेवत नाही. जगातले मोठमोठे लोक शंभर वर्षं झटतायत, की या चौघांना एका चुलीवर आणणारं एकच सूत्र सापडावं. कुणाला सापडलेलं नाही."

पोरं विचारायची, "सर, तुम्हाला सापडेल?"

"सूत्र नाही सापडणार," सर म्हणायचे. "पण थोरला भाऊ एकदा तरी विजेच्या ओसरीवर आलेला मला बघायचाय."

त्यासाठी त्यांनी एक प्रयोग मांडला. माझ्या डाव्या पारड्याखाली तांब्याच्या तारेचं मोठं वेटोळं ठेवलं. वेटोळ्यातून वीज सोडली की ते चुंबक होतं. लोखंडाला ओढतं, पण पितळ, शिसं, दगड यांना ओढत नाही. मग पारड्यात पितळेचं वजन ठेवून वीज सोडली आणि तरीही ते केसभर जड झालं, तर त्याचा अर्थ काय? तर विजेने गुरुत्वाला हात लावला.

"डिजिटल काट्याच्या पोटात चुंबक असतं, तो गडबडतो," माझी पेटी पुसताना सर मला म्हणाले. "तू मात्र अस्सल पितळेचा. तुझ्यात लोखंडाचा कण नाही."

मी ते ऐकलं. मला माझा डावा नट आठवला. पण मित्रांनो, चार वर्षं पालीच्या अंड्यांशेजारी काढल्यावर कुणी आपल्याला अस्सल म्हटलं की कसं वाटतं, ते तुम्हाला काय सांगू? मला लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटलं.

सरांनी खोलीतून लोखंड हद्दपार केलं. पत्र्याचं स्टूल गेलं, सागवानी आलं. हातातलं घड्याळ काढून ठेवायचे. चपलेला खिळे म्हणून अनवाणी यायचे. हिलालभाऊंनी चाव्यांचा जुडगा दाराबाहेर ठेवूनच आत यायचं, असा हुकूम होता आणि हिलालभाऊ तो इमानाने पाळत. रोज चाव्या बाहेर ठेवून आत यायचे आणि ज्याच्या दांडीवर पोलादाचा नट बसवलाय त्या माझी काच पुसायचे. त्यांच्या मनात कधी आलं नाही.

पहिल्यांदा बटण दाबलं तो दिवस रविवारचा. डाव्या पारड्यात पन्नास ग्रॅमचं पितळी वजन, उजव्यात तेवढंच. काटा मधोमध. सरांनी वीज सोडली आणि वेटोळ्याने माझ्या डाव्या नटाला खालून ओढलं. कुणी कान धरून ओढावा तसं मला वाटलं. डावी बाजू किंचित झुकली आणि काटा उजवीकडे तीन घरं सरकला.

मग त्यांनी वीज बंद केली, काटा परत आला. पुन्हा सोडली, पुन्हा तीन घरं. विजेची दिशा उलटी केली. साधं चुंबक असतं तर काटा उलटीकडे गेला असता, असं ते पुटपुटले. काटा पुन्हा उजवीकडेच तीन घरं गेला. साध्या लोखंडाला चुंबक कुठल्याही तोंडाने ओढतंच, हे तेवढ्या आनंदात त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी वजन काढून शिसं ठेवलं, सातपुड्यातला दगड ठेवला, काच ठेवली, निंबाचं लाकूड ठेवलं. सगळ्यांना तीनच घरं.

"बघा हिलालभाऊ," ते म्हणाले. "पदार्थ कुठलाही असो, ओढ सारखी. गुरुत्वही असंच वागतं. कुणात भेदभाव करत नाही."

हिलालभाऊंना त्यातलं काही कळलं नाही, पण सर खूश आहेत हे कळलं. त्यांनी चहा आणला.

आता तुमच्यातला एखादा हुशार विचारेल, की वजन कमी-जास्त करून का नाही बघितलं? जड वस्तूला जास्त ओढ लागायला हवी की नाही? बरोबर आहे. पण सर मला पन्नास ग्रॅमवर कधी काही देतच नव्हते. "म्हातारा आहे, धार झिजेल," म्हणायचे. दगड असो की लाकूड, घासून, कापून पन्नास ग्रॅमचंच करायचे, म्हणजे मला सवयीचं ओझं. मायेपोटी त्यांनी मला जपलं आणि त्या मायेतच चूक लपून राहिली.

मग वर्षं जाऊ लागली. सरांचे सगळे रविवार माझ्यापाशी गेले. घरून त्यांच्या पत्नीचा, ज्योत्स्नाबाईंचा डबा यायचा, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. बऱ्याचदा तो तसाच परत जायचा. सरांनी सहा जाड वह्या भरल्या. प्रत्येक पानावर माझं खोटं त्यांच्या सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं.

चौथ्या वर्षी नूतन आली. नूतन महाजन, सावद्याची, केळीवाल्यांच्या घरची. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि वसतिगृहात राहायची. बोलायची कमी, पण बघायची टक लावून. एके दिवशी सर वर्गाला हा प्रयोग दाखवत होते. काटा तीन घरं सरकला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. नूतनने हात वर केला.

"सर, पारडी रिकामी ठेवून वीज सोडून बघितली का?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे केळी मोजायच्या आधी माझे वडील, आबा, व्यापाऱ्याला म्हणतात, काटा रिकामा दाखव. सगळेच म्हणतात. रिकामा काटा शून्यावर दिसला की मगच घड चढवतात."

वर्ग हसला. तिच्या बोलण्यात हसण्यासारखं काही नव्हतं, पण वर्ग हसला. सरांचा चेहरा लाल झाला. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला माणूस, रिकामा काटा म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तेच त्यांना झोंबलं असावं.

"मग सावद्याला जा आणि घड मोजत बस," सर म्हणाले. "इथे विश्वाच्या बळांचं चाललंय, केळीच्या लिलावाचं नाही. बस खाली."

नूतन बसली. पुन्हा त्या वर्षात तिने हात वर केला नाही.

आता जे सांगतो ते मला आणि सरांनाच ठाऊक होतं. त्या शनिवारी सर एकटेच आले. दार आतून लावलं. दोन्ही पारड्यांतली वजनं चिमट्याने उचलून पेटीत ठेवली. पारडी रिकामी झाली. माझी दांडी मोकळी केली, काटा मधोमध थांबला. सरांनी बटणावर बोट ठेवलं. मी वाट बघत होतो. खरं सांगतो, मला वाटत होतं की दाबावं. आणि वाटत होतं की दाबू नये. दाबलं असतं तर मी पुन्हा कपाटात गेलो असतो.

बोट बराच वेळ तिथे होतं. मग सरांनी ते उचललं. पन्नास ग्रॅमची वजनं पुन्हा दोन्हीकडे ठेवली, बटण दाबलं, तीन घरं मोजली आणि वहीत लिहिली. त्या दुपारी आम्ही दोघंही चोर झालो. तोवरच्या चुकीला चूक म्हणता येत होतं.

तुम्ही म्हणाल, तराजूला तोंड नाही, त्याचा काय दोष? मीही मनाची अशीच समजूत घालायचो. पण वेटोळ्याने कान ओढला की ओढ कुठून आली हे मला कळत होतं आणि काटा सरकला की सरांच्या डोळ्यांत जे दिसायचं ते मला हवंसं वाटत होतं. सात वर्षं आणखी मी ते मिटक्या मारत खाल्लं.

मागच्या वर्षी सरांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. धुळ्याला पदार्थविज्ञानाची मोठी परिषद भरणार होती. सरांनी निबंध पाठवला आणि तो स्वीकारला गेला. सरांनी तिथे मला घेऊन जायचं, सगळ्यांसमोर प्रयोग करून दाखवायचा, असं ठरलं. एकच अट होती. साधन तपासल्याचा दाखला लागेल.

दाखला द्यायला नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतून माणूस येणार होता. आली ती नूतन. वजनकाटे तपासणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती सहा वर्षांपासून काम करत होती. हातात पेटी, गळ्यात ओळखपत्र. सरांनी तिला ओळखलं आणि हातातला चहाचा कप बाजूला ठेवला.

"बरी आहेस?"

"बरी आहे, सर."

तिने पेटीतून चकचकीत वजनं काढली आणि तासभर मला तपासलं. एक ग्रॅम, दहा, पन्नास, शंभर. शंभर मी कित्येक वर्षांनी उचलले. सगळीकडे मी अचूक होतो. तिने दाखल्याचा कागद भरला, सही केली, शिक्का मारला. तारेच्या वेटोळ्याकडे तिने एकदा बघितलं आणि वजनं आवरायला घेतली. तिचं काम वजन तपासायचं होतं, ते झालं होतं.

ती पेटी बंद करून दाराशी गेली. सर खुर्चीवर बसून कागदाकडे बघत होते. तिला जाऊ दिलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. दाखला हातात होता. धुळ्याला टाळ्या पडल्या असत्या.

"नूतन," सर म्हणाले. "तू एक विचारलं होतंस."

ती थांबली. "आठवतं तुम्हाला?"

"रोज आठवतं. आता विचार."

"मी कशाला विचारू, सर? तुम्हीच बघा."

सर उठले. पारडी रिकामी केली. या वेळी बोट थांबलं नाही. बटण दाबलं गेलं, माझा कान ओढला गेला आणि पारडी रिकामी असतानाही काटा तीन घरं सरकला.

हिलालभाऊ फडकं हातात घेऊन उभे होते. वेटोळ्यातून वीज वाहत होती, तिचा बारीक गुणगुणण्याचा आवाज तेवढा येत होता.

नूतनने तिच्या पेटीतून दोऱ्याला बांधलेलं इवलंसं चुंबक काढलं. वीज बंद केली आणि ते चुंबक माझ्या दांडीच्या कडेकडेने फिरवलं. उजव्या टोकाला काही झालं नाही. खांबाला नाही, काट्याला नाही. डाव्या टोकाशी आलं आणि टक्कन नटाला चिकटलं.

हिलालभाऊ खाली जमिनीवर बसले.

"सर, तो नट मी लायेल शे," ते म्हणाले. "पोरगा रडी ऱ्हायंता, सकाळले परीक्षा व्हती. पोलादना शे, जास्त टिकी असं वाटनं. रोज चाव्या बाहेर ठेवस मी, आन तो नट आठेच ऱ्हायना. माले काय माहीत, इतलासा नटमुये तुमनं बठ्ठं काम..." त्यांनी हातातलं फडकं डोळ्यांना लावलं.

सर त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. "हिलालभाऊ, तुम्ही एका पोरासाठी नट लावला," ते म्हणाले. "मला विचारणारी मुलगी समोर उभी होती आणि मी बघितलं नाही. तुमचं काही चुकलं नाही."

दुसऱ्या दिवशी नूतनने नरडाण्याहून पितळेचा नट करून आणला. तो बसवला, तोल साधला आणि सरांनी तोच प्रयोग पुन्हा केला. पन्नास ग्रॅम. बटण. माझा काटा मधोमध उभा राहिला, जराही हलला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी सरांशी खरं बोललो. आणि त्यांचा चेहरा मला बघवेना.

ज्योत्स्नाबाई त्यांना म्हणाल्या होत्या, परिषदेला जाऊच नका, तब्येतीचं कारण कळवा. सर गेले. मलाही नेलं. एस.टी.त खिडकीपाशी बसून त्यांनी मला मांडीवर धरलं होतं. नूतन रजा काढून सोबत आली होती आणि शेजारी बसली होती.

धुळ्याच्या सभागृहात दोनेकशे माणसं होती. सरांनी आधी पोलादी नट लावून प्रयोग दाखवला. लोक पुढे झुकले. मग पितळी नट लावून दाखवला. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. सर म्हणाले, "हसण्यासारखंच आहे. अकरा वर्षं मी ज्याला विश्वाचं गुपित समजत होतो, ते एका घड्याळवाल्याच्या डब्यातलं होतं. नट कुणी लावला ते महत्त्वाचं नाही. सात वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने मला पारडी रिकामी बघायला सांगितली होती. मी भर वर्गात तिचा अपमान केला. आणि एक गोष्ट तिलाही माहीत नाही. त्याच आठवड्यात मी पारडी रिकामी करून बटणावर बोट ठेवलं होतं. उत्तर काय येईल हे मला कळलं होतं, म्हणून मी बोट उचललं. चूक माझी पहिली चार वर्षं होती. पुढची सात वर्षं ती लबाडी होती."

पुढच्या रांगेतल्या एका वयस्क प्राध्यापकांनी विचारलं, "मग गुरुत्वाचं आणि विजेचं नातं?"

"असेल," सर म्हणाले. "माझ्याकडे पुरावा नाही. ते नातं असावं असं मला फार वाटत होतं, तेवढंच माझ्याकडे होतं."

नूतन भिंतीशी उभी होती. तिने मान खाली घातली होती.

परतीची एस.टी. यायला वेळ होता. धुळ्याच्या स्टँडवर एका बाकावर आम्ही तिघं बसलो, मी मधे. सरांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "मला माफ करशील का?"

"केलं, सर," ती म्हणाली. "तुम्ही एवढ्या लोकांसमोर बोललात, मला तर रडूच आलं." मग ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "पण मला एम.एस्सी. करायची होती, सर. आबा तुम्हाला विचारायला येणार होते, पोरीला पुढे शिकवू का म्हणून. मीच त्यांना येऊ दिलं नाही."

सरांनी दोन्ही हात माझ्या पेटीवर ठेवले होते. त्यांनी पेटी जवळ ओढून घेतली, तसा माझा काटा हलला.

मित्रांनो, आता मी पुन्हा लॅबमध्ये खिडकीजवळ असतो. सर निवृत्त झाले, हिलालभाऊही होतील. तुम्ही कधी आलात तर माझी काच पुसा, माझी धार जपा, मला धक्का लावू नका, हे तर मी सांगेनच, सगळीच जुनी साधनं सांगतात. पण माझ्यावर एवढी माया करू नका की मला तपासायचं राहून जाईल. मी काही सांगितलं आणि ते तुम्हाला फार आवडलं, तर आधी मला रिकामा करा आणि पुन्हा विचारा. आणि तुमच्या वर्गात एखाद्या मुलीने हात वर केला, तिचा प्रश्न तुम्हाला झोंबला, तरी तिला खाली बसवू नका. मी पितळेचा आहे, माझा नट पंधरा मिनिटांत बदलून झाला.